‘प्रकारबाह्य’ या संज्ञेची चिकित्सा : पशुधन व कोंबड्या यांतील टॉक्सोप्लाझ्मा

टॉक्सोप्लाझ्मा गाँडाय या परोपजीवीच्या जनुकीय विविधतेसंबंधी १९९० नंतर जे विपुल संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात ‘प्रकारबाह्य वाण’ हा शब्दप्रयोग पदोपदी आढळतो. ब्राझीलमधील कोंबडीच्या हृदयातून, अमेरिकेतील कोकराच्या स्नायूंतून किंवा चीनमधील डुकराच्या मांसातून एखादे वाण वेगळे काढण्यात येते. त्याची जनुकीय तपासणी होते. ते पहिल्या, दुसऱ्या वा तिसऱ्या प्रकारात बसत नाही असे दिसून येते. आणि मग त्यावर ‘प्रकारबाह्य’ अशी मोहोर उमटविली जाते. शब्द साधा दिसतो. परंतु त्यात एक निवाडा दडलेला आहे. जे तीन प्रकारांत बसते ते नियमित आणि जे बसत नाही ते अपवादात्मक, असा तो निवाडा होय. हा निवाडा कोणत्या पुराव्यावर उभा आहे, पशुधन व कोंबड्या यांच्या अभ्यासापुढे तो कितपत टिकला, आणि त्याच्या जागी जे नवे निष्कर्ष मांडण्यात येतात तेही त्याच कसोटीस उतरतात काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

प्रथम या परोपजीवीची ओळख थोडक्यात करून देणे इष्ट ठरेल. १९०८ साली ट्यूनिस येथे निकोल व मांसो यांना तो गुंडी नामक कृंतक प्राण्यात आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमधील साऊं पाउलू येथे स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. त्याच्या जीवनचक्राचा पुरता उलगडा व्हावयास मात्र पुढे साठ वर्षे लागली. १९६५ साली पॅरिस येथील देमाँ व त्यांचे सहकारी यांनी एका आरोग्यधामातील मुलांच्या रक्ताची तपासणी करून, अर्धकच्चे मांस खाण्याने संसर्ग वाढतो हे दाखवून दिले. १९७० च्या सुमारास मांजर हा त्याचा अंतिम पोषक असल्याचे सिद्ध झाले.

लैंगिक प्रजनन केवळ मार्जारकुलातील प्राण्यांच्या आतड्यात घडते. तेथे तयार झालेल्या चिवट कवचाच्या अंडपुटी विष्ठेवाटे लक्षावधींच्या संख्येने बाहेर पडतात आणि ओलसर मातीत दीर्घकाळ तग धरतात. चरणाऱ्या शेळ्यामेंढ्या, उकिरडा उकरणारी डुकरे आणि दाणे टिपणाऱ्या कोंबड्या यांच्या पोटात त्या जातात, आणि तेथून परोपजीवी स्नायूंत व मेंदूत शिरून ऊतकपुटींच्या रूपाने वास्तव्य करतो. ते मांस मांजराने खाल्ले की चक्र पूर्ण होते. मनुष्याने अर्धकच्चे खाल्ले की तोही पोषक बनतो.

जनुकीय विचाराच्या दृष्टीने यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक अशी की, मांसातून मांसभक्षकाकडे हा परोपजीवी लैंगिक प्रजननावाचूनही पसरू शकतो, व अशा वेळी संततीत काहीच पालट होत नाही. दुसरी अशी की, मांजराच्या आतड्यात लैंगिक मीलन झाले तरी, त्या मांजराने जवळजवळ एकाच वेळी दोन भिन्न वाणे ग्रहण केली असतील तरच नवे मिश्रण संभवते. एकच वाण असेल तर ते आपल्याशीच संयोग पावते, आणि निपज पूर्ववतच राहते. तात्पर्य, एकाच परोपजीवीची लोकसंख्या एका प्रदेशात जवळजवळ तंतोतंत प्रतींची बनलेली असू शकते, आणि दुसऱ्या प्रदेशात अत्यंत संमिश्र. यांपैकी एकीला नियम व दुसरीला अपवाद म्हणण्यास जीवशास्त्रात आधार नाही.

२

तीन प्रकारांची कल्पना हाउ व सिब्ली यांच्या १९९५ सालच्या निबंधाने दृढमूल केली. त्यांनी माणसे व प्राणी यांच्यापासून मिळविलेल्या १०६ वाणांची सहा जनुकस्थानी तपासणी केली. बहुतेक सर्व वाणे तीन कुलांत विभागली गेली. संमिश्र ठरली ती केवळ चार. काम काटेकोर होते आणि निरीक्षणाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. दोष राहिला तो निष्कर्षाच्या व्याप्तीत. वाणांचा फार मोठा भाग युरोप व उत्तर अमेरिका येथील रुग्णांकडून व पाळीव प्राण्यांकडून आलेला होता. शीर्षकात विधान मात्र संपूर्ण जातीविषयी करण्यात आले : टॉक्सोप्लाझ्मा गाँडाय ही तीन कुलांची बनलेली आहे. दोन खंडांतील गोठे, खुराडे व रुग्णालये यांतून गोळा केलेला संग्रह जगाचा प्रतिनिधी मानला गेला, आणि पुढील दहा वर्षे अभ्यासकांनी त्याच चौकटीतून इतर खंडांकडे पाहिले.

या चौकटीला तंत्राच्या एका सोयीने आणखी बळकटी आली. सॅग-२ या एकाच जनुकस्थानाची तपासणी करून तिन्ही प्रकार ओळखता येतात, असे १९९७ साली दाखविण्यात आले. पद्धत स्वस्त व सुलभ असल्याने ती सर्वत्र पसरली. तथापि ती ज्या गृहीतावर उभी होती ते गृहीत असे की, जगात हे तीनच प्रकार आहेत. वाण संमिश्र असेल तर एका स्थानावर ते पहिल्या प्रकारासारखे, दुसऱ्या स्थानावर तिसऱ्यासारखे आणि तिसऱ्या स्थानावर कोणासारखेच नाही, असे आढळावयाचे. एकच स्थान पाहणाऱ्यास ते कळणे अशक्य. सातारकर आडनावाचा गृहस्थ साताऱ्यातच नांदतो असे मानून खानेसुमारी करावी, त्यातलाच हा प्रकार होय. अशा खानेसुमारीत प्रत्येक माणसाला गाव मिळते. परंतु ते गाव त्याचे असतेच असे नाही.

३

या चौकटीला तडा गेला तो मुख्यतः कोंबड्यांमुळे. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात जितेंद्र दुबे यांनी अनेक देशांतील सहकाऱ्यांच्या साहाय्याने मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांपासून वाणे मिळविण्याचा दीर्घ उपक्रम चालविला. त्यामागील तर्क मार्मिक होता. कोंबडी जमिनीवरूनच टिपते, म्हणून मातीतील अंडपुटींची ती उत्तम साक्षीदार असते. तिला या संसर्गाने सहसा आजार होत नाही. ती स्वस्त असते आणि माणसाच्या दारातच वावरते. २००२ साली साऊं पाउलू राज्यातील कोंबड्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘अनपेक्षित निष्कर्ष’ असे शब्द होते. युरोपात सर्वांत अधिक आढळणारा दुसरा प्रकार तेथे सापडलाच नाही, आणि कोंबड्या निरोगी असूनही त्यांच्यातील अनेक वाणे उंदरांना मारक ठरली.

तरीही सॅग-२ च्या आधारे ती वाणे पहिल्या व तिसऱ्या प्रकारांतच नोंदली गेली. २००६ साली सू व त्यांचे सहकारी यांनी अनेक चिन्हकांची बहुस्थानी पद्धत सिद्ध केली. तिने पुन्हा तपासणी होताच ब्राझीलमधील वाणांची जुनी नोंद कोलमडली; पहिला व तिसरा म्हणून नोंदलेली वाणे प्रत्यक्षात संमिश्र होती. २००८ साली पेना व त्यांचे सहकारी यांनी ब्राझीलमधील १२५ वाणांत ४८ जनुकरूपे दाखविली. त्यांपैकी २६ जनुकरूपांचे केवळ एकेकच वाण मिळाले होते. भिन्न प्राण्यांत व भिन्न ठिकाणी वारंवार आढळणाऱ्या चार जनुकरूपांना त्यांनी ब्राझीलची स्वतःची कुले मानले व तशी नावे दिली. म्हणजे ब्राझीलपुरते पाहता नित्याचे काय, तर ही चार कुले. आणि युरोपातला नित्याचा दुसरा प्रकार तेथे ‘प्रकारबाह्य’ ठरावयाचा.

कोणी म्हणेल की, दक्षिण अमेरिका वेगळी आहे. तीन प्रकारांची मांडणी निदान तिच्या जन्मभूमीत तरी खरी आहे. पशुधनाच्या अभ्यासाने हाही आधार काढून घेतला. २००८ सालीच अमेरिकेत खाण्यासाठी कापावयाच्या कोकरांपासून ५७ वाणे मिळविण्यात आली, आणि त्यांत १५ जनुकरूपे आढळली. दुसरा प्रकार सर्वांत अधिक होता हे खरे, परंतु तो निम्म्याहून कमी वाणांत होता. पुढे उत्तर अमेरिकेतील वन्य प्राण्यांत आणखी एक कुल विपुल प्रमाणात आढळले. १९९५ चा संग्रह आपल्या घरच्या अंगणाचाही पुरता प्रतिनिधी नव्हता, हेच यावरून दिसून येते.

त्यानंतरच्या संकलनांनी चित्र अधिक विस्तृत केले. २०१२ साली ९५६ वाणांच्या अभ्यासात १३८ जनुकरूपे, पंधरा समूह व सहा मोठे वंशगट दाखविण्यात आले. २०१४ च्या संकलनात १,४५७ नमुने व १८९ जनुकरूपे नोंदली गेली. त्यात युरोपात क्रमांक १, २ व ३. आफ्रिकेत २ व ३. आशियात ९ व १० यांचे प्राबल्य दिसले. मध्य व दक्षिण अमेरिकेत कोणत्याच जनुकरूपाचे वर्चस्व नव्हते. २०१६ साली ६२ वाणांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा अनेक वाणे निरनिराळ्या पूर्वजांच्या तुकड्यांची गोधडी असल्याचे आढळले. रोगजननाशी संबंधित स्रावी प्रथिनांची जनुके या तुकड्यांबरोबर स्थानिक वाणांत वाटली गेली आहेत, हा या अभ्यासाचा विशेष महत्त्वाचा भाग होय.

४

येथवरचा वृत्तान्त जुन्या मांडणीच्या पराभवाचा आहे. परंतु चिकित्सेचे काम येथे संपत नाही. कारण नव्या मांडणीतही जुन्याच स्वरूपाचे तीन दोष डोकावतात.

पहिला दोष मोजदादीचा. ब्राझीलमध्ये ४८ जनुकरूपे आणि अमुक देशात पाच, असे आकडे शेजारी ठेवून विविधतेची तुलना केली जाते. वस्तुतः जनुकरूपांची संख्या ही नमुन्यांची संख्या, चिन्हकांची संख्या आणि पोषकांची निवड या तिन्हींवर अवलंबून असते. ज्या देशातून दहा वाणे मिळाली तेथे पन्नास जनुकरूपे आढळणे गणितानेच अशक्य आहे. शिवाय वाण मिळविण्याची पद्धतही निवड करीत असते. मांस पचवून उंदरास टोचावयाचे व उंदरात परोपजीवी वाढतो काय हे पाहावयाचे, ही रूढ रीत. ऊतकपुटी विरळ असतील तर नमुना हातचा जातो. एकाच प्राण्यात दोन वाणे असतील तर वेगाने वाढणारे वाण दुसऱ्याला झाकून टाकते. गाई-बैलांच्या मांसातून जिवंत परोपजीवी क्वचितच मिळतो. म्हणून त्यांच्यातील विविधतेविषयीचे मौन हा पुरावा मानता येत नाही. बहुतेक तुलनात्मक लेखांत या मर्यादांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात होतो आणि आकडे मात्र सारांशात झळकतात. क्रम उलटा असावयास हवा.

दुसरा दोष कोंबडीविषयीचा. मोकळी कोंबडी ही मातीची साक्षीदार आहे. तेवढ्यावरून ती ताटातील धोक्याची साक्षीदार ठरत नाही. २००५ साली अमेरिकेतील ६९८ दुकानांतून गोमांस, कोंबडी व डुकराचे मांस यांचे प्रत्येकी २,०९४ नमुने घेऊन मांजरांवर परीक्षा करण्यात आली. जिवंत परोपजीवी मिळाला तो फक्त डुकराच्या मांसात. कोंबडीच्या एकाही नमुन्यात नाही. बंदिस्त शेडमध्ये काही आठवड्यांत वाढविलेली ब्रॉयलर कोंबडी आणि दोन वर्षे परसात चरलेली गावठी कोंबडी यांना एकाच ‘कोंबडी’ या रकान्यात घालणे म्हणजे जीवनक्रमाचा भेद पुसून टाकणे होय. २००६ साली लेमन व त्यांचे सहकारी यांनी जगभरच्या मोकळ्या कोंबड्यांतील वाणांवरून दक्षिण अमेरिकेचे वेगळेपण दाखविले, आणि जहाजांतून गेलेली मांजरे व उंदीर यांच्याबरोबर हा परोपजीवी खंडाखंडांत पोहोचला असावा असे सुचविले. मातीच्या साक्षीसाठी तो संग्रह योग्य होता. मात्र अशा संग्रहावरून आहाराच्या सुरक्षिततेचे अनुमान काढणे ही निराळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी निराळा पुरावा हवा.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. तो ‘उग्र’ या विशेषणासंबंधी. ज्या वाणाने प्रयोगशाळेतील उंदीर मरतो ते उग्र, अशी व्याख्या रूढ आहे. उंदरातील ही उग्रता प्रामुख्याने रॉप-१८ व रॉप-५ या प्रथिनांच्या रूपांवर अवलंबून असते, हे आता चांगले प्रस्थापित झाले आहे. ही प्रथिने उंदराच्या पेशीतील एका विशिष्ट संरक्षक प्रथिनसमूहाला निकामी करतात. मनुष्याच्या पेशीत मात्र तो समूह जवळजवळ शिल्लकच नाही. इतकेच नव्हे, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, दक्षिण भारतातून आणलेल्या घरउंदरांच्या वंशाने, प्रयोगशाळेतील उंदरांना हमखास मारणारे वाण सहज पचविले. म्हणजे ‘उग्र’ हे विशेषण सर्व उंदरांनाही लागू पडत नाही. मग ते मनुष्यास विनासंकोच लावण्याला आधार काय? ‘उग्र’ म्हणताना ‘कोणासाठी’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

यावरून जनुकीय भेदाचा मनुष्याच्या रोगाशी संबंधच नाही, असे अनुमान काढणे मात्र तितकेच चुकीचे ठरेल. फ्रेंच गियानात प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढांना या परोपजीवीमुळे फुप्फुसांपर्यंत पोहोचणारा तीव्र आजार झाल्याची नोंद आहे. शेजारच्या सुरिनाममध्ये २००३-०४ साली मारोनी नदीकाठच्या एका गावात अशा उद्रेकात मृत्यूही झाले. दोन्ही ठिकाणी स्थानिक, संमिश्र वाणे आढळली. २००८ साली जन्मजात संसर्ग झालेल्या मुलांची तुलना करण्यात आली, तेव्हा ब्राझीलमधील मुलांच्या डोळ्यांतील व्रण युरोपातील मुलांपेक्षा अधिक व मोठे असल्याचे दिसले. मातेला गरोदरपणी प्रथमच झालेला संसर्ग गर्भापर्यंत पोहोचतो व मुलाची दृष्टी त्यात सापडते, हे लक्षात घेता या प्रश्नाचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. तथापि येथेही संसर्गाची मात्रा, तो अंडपुटीने झाला की ऊतकपुटीने, उपचार केव्हा मिळाले, ही सर्व कारणे जनुकरूपाबरोबर गुंतलेली आहेत. ती सोडविण्यासाठी रुग्णाचे वाण, त्याच्या परिसरातील जनावरांचे वाण आणि संसर्गाचा मार्ग यांची सांगड एकाच अभ्यासात घातली पाहिजे. अशी सांगड क्वचितच घातली जाते. जनावरांचा अभ्यास पशुवैद्यकाच्या नियतकालिकात राहतो, रुग्णांचा वैद्यकाच्या.

५

भारतापुरता विचार केला तर या चिकित्सेचे प्रयोजन अधिकच स्पष्ट होते. २००३ साली भारतातील मोकळ्या कोंबड्यांपासून मोजकी वाणे मिळवून त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे सॅग-२ या स्थानावरून ती वाणे दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत नोंदली गेली. अभ्यास आपल्या काळाच्या मानाने प्रामाणिक व उपयुक्त होता. परंतु त्यावरून ‘भारतात दुसरा व तिसरा प्रकार आढळतो’ असे विधान करणे आता समर्थनीय नाही. कारण ब्राझीलमध्ये नेमक्या याच पद्धतीने दिलेली नावे पुढे टिकली नाहीत. भारतातली टिकतील किंवा टिकणार नाहीत. ती बहुस्थानी पद्धतीने पुन्हा तपासल्यावाचून दोन्हींपैकी काहीही म्हणता येत नाही. आशियात क्रमांक ९ व १० यांचे प्राबल्य आहे, या विधानाचीही भारतापुरती हीच स्थिती आहे. खंडाचे नाव एक असले म्हणून पूर्व आशियातील डुकरे व मांजरे यांच्यावरून महाराष्ट्रातील शेळीचे अनुमान करता येत नाही.

येथील आहाराची रीतही ध्यानात घ्यावयास हवी. मांसाचा अंतर्भाग ६७ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की ऊतकपुटी नष्ट होतात. रश्श्यात दीर्घकाळ शिजणारे बोकडाचे मटण किंवा गावठी कोंबडी या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे जाते. असे असता येथील संसर्गात मांसाचा वाटा किती आणि माती, पाणी व कच्ची भाजी यांचा किती, हा प्रश्न पॅरिसमधील १९६५ च्या उत्तराने सुटणारा नाही. कच्चे मांस हाताळणारे, चिरणारे व साफ करणारे हातही या हिशेबात धरले पाहिजेत. मातीचा वाटा मोठा ठरल्यास परसातील कोंबडी ही खाद्य म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून अधिक मोलाची ठरेल. आणि तिच्यातील वाणांची बहुस्थानी नोंद हे केवळ पशुवैद्यकाचे नव्हे, तर प्रसूतितज्ज्ञ व नेत्रवैद्य यांच्याही उपयोगाचे साधन होईल.

या सर्व विवेचनावरून संशोधनपर लेखनासाठी काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात. वाणाचे नाव देताना किती व कोणती जनुकस्थाने तपासली, वाण कोणत्या प्राण्यापासून, कोणत्या परिसरातून व कोणत्या रीतीने मिळाले, हे नावाबरोबरच नमूद व्हावे. एका स्थानावरून दिलेले जुने नाव नव्या कोष्टकात उतरवून घेताना तसे स्पष्ट लिहावे. उग्रता सांगताना ती कोणत्या उंदरातील, हे सांगावे. आणि ‘प्रकारबाह्य’ हा शब्द शक्य तेथे टाळून, टॉक्सोडीबी या संग्रहातील जनुकरूपाचा क्रमांक द्यावा. क्रमांकाला अभिमान नसतो. तो कोणत्याही खंडाला घर व दुसऱ्याला परदेश ठरवीत नाही.

१९९५ च्या निबंधाचे ऐतिहासिक महत्त्व यामुळे कमी होत नाही. त्याने एक नेमका प्रश्न विचारला आणि हाती असलेल्या वाणांपुरते नेमके उत्तर दिले. ते उत्तर ज्यांनी इतर खंडांवर लादले, त्यांनी चौकशीच्या जागी वर्गीकरण ठेवले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या गावच्या शेळीपासून किंवा कोंबडीपासून नवे वाण वेगळे काढले, तर ते तीन प्रकारांत बसते काय हा प्रश्न शेवटी विचारावा. त्या गावातील मांजर, माती व माणूस यांच्याशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न आधी विचारावा.